उचलू नका, घंटा आहे

भालेरावकाकांचा फोन उचलायचा नसतो. उचलला तर ते रागावतात.

दर रविवारी दुपारी, दुबईच्या इंटरनॅशनल सिटीतल्या आमच्या घरात आम्ही जेवून जरा आडवे होतो न होतो, तोच फोन वाजतो आणि बंद पडतो. ही पहिली घंटा. थोड्या वेळाने पुन्हा वाजतो, ती दुसरी. म्हणजे निघा आता, मराठी उपासनेची वेळ झाली. माझा मुलगा टीव्हीवरची नजरही न काढता सांगतो, "डॅड, बेल अंकल अगेन." एकदा मी चुकून फोन उचलला, तर पलीकडून आवाज आला, "अरे, घंटा कधी कुणी उचलतं का?" आणि फोन बंद.

शारजातल्या ज्या अँग्लिकन चर्चमध्ये आम्ही जमतो तिथे घंटा नाही. इथे चर्चवर घंटा वाजवत नाहीत. मल्याळी मंडळी बाहेर पडली की तमिळ आत, तमिळ उठले की आम्ही मराठी. यात बाकी कुणाला काही खटकत नाही. काकांना मात्र घंटेशिवाय उपासना म्हणजे अळणी आमटी. म्हणून साऱ्या मंडळीला मिस्ड कॉल.

काका उम्म अल कुवैनला एका कारखान्यात स्टोअरकीपर. तिथेच एका खोलीत आणखी तिघांबरोबर राहतात. गाव नगर जिल्ह्यातल्या एका खोऱ्यात. तिथलं देऊळ, म्हणजे चर्च, साहेबाच्या काळातलं, दगडी. काका चर्चला देऊळच म्हणतात. तिथली घंटा वाजवायचा मान भालेरावांच्या घराण्याचा. काका इकडे आले तेव्हा दोर मार्थाकाकूंच्या हाती आला. तरणी माणसं पुण्याला गेली, उपासनेला मोजक्या म्हाताऱ्या उरल्या, तरी काकू घंटा वाजवत राहिल्या.

"आमच्या हिचा हात जड आहे. डोंगरापलीकडे ऐकू जातं," काका उपासनेनंतरच्या चहाला हटकून सांगायचे. त्यापाठोपाठ मयताच्या घंटेची गोष्ट यायचीच. कुणी गेलं की एकच टोला द्यायचा आणि थांबायचं. मग ओढ्यापलीकडच्या देवळाने एक टोला परत द्यायचा, ऐकलं म्हणून. तो आल्याशिवाय माती द्यायची नाही. आम्ही समोसे खात माना डोलवायचो. कंटाळा यायचा, खोटं कशाला बोलू.

मागच्या उन्हाळ्यात एका मंगळवारी भर दुपारी ऑफिसात माझा फोन एकदाच वाजला. काका. मंगळवारी कसली आलीय उपासना? म्हातारा बिघडला, असं पुटपुटत मी कामाला लागलो. दुसऱ्या घंटेची वाट बघितली, ती आलीच नाही. मग लक्षात आलं. एकच टोला होता तो.

आमच्या पाळकांना फोन लावला. मार्थाकाकू सकाळी गेल्या होत्या. उन्हाचे दिवस, म्हणून माती संध्याकाळीच. काकांचा पासपोर्ट व्हिसा रिन्यूअलला अडकलेला, म्हणजे जाणं खलास. गावात दोर ओढायची ताकद कुणात उरली नव्हती आणि ओढ्यापलीकडचं देऊळ तर कधीचंच बंद पडलेलं. बायको घंटेशिवाय मातीत जाणार, हे काकांना सोसवेना. म्हणून त्यांनी इथून आम्हा सगळ्यांना टोला दिला होता.

मी गाडी काढून उम्म अल कुवैन गाठलं. काका खाटेवर ताठ बसले होते, फोन मांडीवर. रडत नव्हते. मी शेजारी टेकलो. तेवढ्यात फोन एकदा वाजला आणि थांबला. काकांनी नाव पाहिलं, मान हलवली. थोड्या वेळाने पुन्हा एकदा वाजला. मग पुन्हा. ती कंटाळवाणी गोष्ट साऱ्या मंडळीला पाठ होती.

चहा आणू का, असं काहीतरी मी विचारलं.

काका मान वर न करता म्हणाले, "मातीची वेळ होत आली रे. तुझा टोला यायचाय अजून."

मी खिशातून फोन काढला आणि तिथेच, त्यांच्या शेजारी बसून, त्यांचा नंबर लावला. त्यांच्या मांडीवर तो वाजला. त्यांनी उचलला नाही.