गुहेतलं न संपणारं संगीत

कल्पना करा हं, मुलांनो. तीन माणसांचा एक सोफा आहे आणि तुम्ही बरोब्बर मधे बसला आहात. पाठ ताठ, हात गुडघ्यांवर, डोळे मिटलेले. समोर दोन भलेमोठे स्पीकर. आधी एकटी बासरी येते. तिच्या मागून हळूहळू तीस-चाळीस व्हायोलिनं येतात, आणि मग धडाडधूम! ओळखा पाहू, सिनेमात इथे काय चाललंय?

"जहाज खडकावर आपटलं!" असं म्हणालात तर तुम्ही पास.

टिकली रोज पास व्हायची. ती आठ वर्षांची, आणि हा वर्ग घ्यायचे तिचे आजोबा. चाळीस वर्षं त्यांनी शाळेत कवायत शिकवली होती, त्यामुळे सगळं गाव त्यांना मास्तर म्हणायचं. सिनेमा संपला की लोक चपला शोधायला लागतात. मास्तर मात्र पडद्यावरचं शेवटचं नाव जाईपर्यंत जागचे हलत नसत, कारण खरा वाद्यवृंद तर तेव्हा वाजतो. घरीही त्यांचा नियम एकच. संगीत संपेपर्यंत उठायचं नाही, बोलायचं नाही. संध्याकाळी सहा ते साडेसहा जगात फक्त दोन माणसं असत, मास्तर आणि टिकली.

मग गुडघ्याचं ऑपरेशन झालेले व्याही महिनाभर राहायला आले. व्याही म्हणजे टिकलीच्या आईचे वडील. दातांचे डॉक्टर होते, आता निवृत्त. येताना एक काठी घेऊन आले आणि एक व्हिडिओ गेम.

"या या, घर तुमचंच आहे," मास्तर म्हणाले होते. डॉक्टरांनी ते फारच मनावर घेतलं. चौथ्या दिवशी सहाच्या ठोक्याला मास्तर सोफ्यावर एकटेच हात गुडघ्यांवर ठेवून बसले होते, आणि आतल्या खोलीतून टिकलीच्या किंकाळ्या ऐकू येत होत्या. "डॉक्टरआजोबा, उडी मारा! अहो, राक्षस मागून येतोय!"

सहाव्या दिवशी तर कहरच झाला. टिकलीने नुसती "आजोबा" अशी हाक मारली, आणि दोघांनी एकदम "ओ" दिली. ती गेली डॉक्टरांकडे.

"खेळ वाईट नाही," मास्तर जेवताना म्हणाले, "पण त्यातलं ते टुंगटुंग काही संगीत नव्हे."

"टुंगटुंग?" डॉक्टरांचा घास हातात राहिला. "अहो मास्तर, ऐंशी वादक बसवून रेकॉर्ड केलंय ते. तुमच्या त्या जहाजाला एवढे वादक नसतील."

"जहाज बुडतं तेव्हा सगळे कुठून राहणार?"

"पप्पा, बाबा, गप जेवा दोघं," सून, म्हणजे टिकलीची आई, म्हणाली. तिनेच मग आगीत तेल ओतलं, पण बिचारीला कल्पना नव्हती. रविवारी मोठ्या सभागृहात सिनेमा, मालिका आणि गेममधलं संगीत वाजवणारा वाद्यवृंद येणार होता. तिला ऑफिसातून दोन तिकिटं मिळाली होती. एक टिकलीचं. दुसरं?

"तुम्हीच जा, व्याही," मास्तर म्हणाले. "पाहुणे आहात."

"छे छे, तुम्ही जा. तुम्हाला कळतं त्यातलं."

असं तब्बल दहा मिनिटं चाललं, आणि दर वेळी दोघांचेही डोळे फुलदाणीखाली ठेवलेल्या तिकिटांवरच. शेवटी पैज ठरली. एकमेकांचं संगीत ऐकायचं. जो मधेच उठेल किंवा बोलेल तो हरला.

पहिल्या दिवशी मास्तरांनी आपला बावीस मिनिटांचा हुकमी तुकडा लावला. गुडघा ठणकत होता, तरी डॉक्टर हूं की चूं न करता बसले. बरोबरी.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांची पाळी. त्यांनी गेम सोफ्यासमोर आणून जोडला, रिमोट टिकलीच्या हातात दिला आणि तिच्या कानात सांगितलं, "हिरोला गुहेत नुसता उभा कर. अजिबात हलवू नकोस."

तुम्ही गेम खेळत असाल तर तुम्हाला ठाऊक असेल की हिरो गुहेत आहे तोवर गुहेचं संगीत संपत नाही. शेवटाला पोचलं की पुन्हा पहिल्यापासून. मास्तरांना हे कुठून ठाऊक असणार? त्यांनी डोळे मिटले आणि शेवटाची वाट पाहू लागले.

पंधरा मिनिटं झाली. वीस झाली. 'चिवट आहे,' मास्तरांना वाटलं. पंचविसाव्या मिनिटाला अर्धवट उघड्या दारातून प्लंबर आला. स्वयंपाकघरातला नळ आठ दिवस गळत होता आणि आज त्याला मुहूर्त सापडला होता.

"मेन कॉक बंद केलाय ना, सर?" त्याने विचारलं.

मास्तर तालावर मान डोलावत होते. प्लंबरला वाटलं, हो म्हणाले. तो आत गेला आणि त्याने नळ काढला.

फस्स्! अर्ध्या मिनिटात तो निथळत बाहेर. "सर, कॉक कुठाय? सर!"

मास्तरांनी डोळे न उघडता एक बोट ओठांवर ठेवलं आणि दुसऱ्या बोटाने जमीन दाखवली. प्लंबर होता त्यांचाच विद्यार्थी. त्या बोटापुढे त्याने सातवी-क मधे तीन वर्षं काढली होती. पान्हा मांडीवर ठेवून तो मुकाट मांडी घालून बसला.

पाणी मात्र कधी मास्तरांच्या शाळेत गेलं नव्हतं. ते उंबरा ओलांडून बाहेर आलं. डॉक्टरांना ते दिसत होतं, पण बोलावं तर तिकीट गेलं. त्यांनी फक्त पाय उचलून घेतले, आधी बरा, मग दुखरा.

आणि इकडे मास्तरांचं भलतंच काहीतरी झालं. सातव्या-आठव्या फेरीला त्यांना व्हायोलिनांच्या तळाशी एक चेलो, म्हणजे व्हायोलिनचा जाड आवाजाचा थोरला भाऊ, ऐकू आला. एकटाच, दबक्या पावलांनी चालणारा. त्यांची बोटं गुडघ्यावर त्याच्या मागे चालू लागली. डॉक्टरांनी ते पाहिलं, कान टवकारले. हा चेलो त्यांना इतक्या दिवसांत ऐकूच आला नव्हता! त्यांनीही काठीने ठेका धरला. मास्तरांनी डोळे उघडून त्यांच्याकडे पाहिलं. डॉक्टर हसले. मास्तरही हसले.

मधे बसलेल्या टिकलीने आधी उजवीकडे पाहिलं, मग डावीकडे. तिच्याकडे कोणीच पाहत नव्हतं.

तेवढ्यात सून आली. तिची एक चप्पल तरंगत तिच्यापुढे गेली. तिने आधी धावत जाऊन कॉक बंद केला आणि मग तोंड उघडलं. "काय चाललंय काय या घरात? बाबा! पप्पा!"

"शूः!" दोघे एका सुरात म्हणाले. मग दोघांनी जीभ चावली. दोघेही एकदमच हरले होते.

"जाऊ द्या हो," मास्तर म्हणाले, "पण व्याही, तो चेलो! रविवारी प्रत्यक्ष ऐकायला मिळाला तर?"

"मग आपण दोघंच जाऊ की! तुम्ही शेजारी असाल तर मला ऐकू येईल तरी. टिकली काय, लहान आहे. पुढच्या वेळी जाईल."

टिकलीच्या नाकाचा शेंडा लाल झाला. ती उठली. तिने फुलदाणी सरकवली, दोन्ही तिकिटं काढली, एक आईच्या ओल्या हातात ठेवलं आणि एक स्वतःच्या खिशात घातलं. मग तिने एक फडकं मास्तरांना दिलं, एक डॉक्टरांना आणि एक प्लंबरला. हिरो अजून गुहेतच उभा होता. तिने आवाज आणखी थोडा वाढवला.

"पुसा," ती म्हणाली. "आणि संगीत संपेपर्यंत कोणी उठायचं नाही."