त्रेचाळीस लेबलं, शुद्ध आणि सुवाच्य

शुद्धकाकांच्या नजरेतून चूक सुटणं शक्यच नव्हतं! छत्तीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेली होती. निवृत्त झाले तरी कानामागची लाल पेन्सिल निवृत्त झाली नव्हती. औषधाच्या बाटलीवरचं, दुकानाच्या पाटीवरचं, लग्नाच्या पत्रिकेवरचं, जिथे अक्षर तिथे काका! एकदा तर डॉक्टरांनी दिलेली चिठ्ठी त्यांनी दुरुस्त करून डॉक्टरांनाच परत दिली होती. खरं नाव काय ते फक्त पेन्शनच्या कागदांना ठाऊक. बाकी सगळ्या वस्तीला ते शुद्धकाका.

झाडांतलं मात्र काकांना ओ की ठो कळत नव्हतं. तो प्रांत काकूंचा. दरवर्षी ग्रंथालयाच्या अंगणात रोपांची अदलाबदल व्हायची. आपल्याकडचं जास्तीचं रोप आणून ठेवायचं, दुसऱ्याचं आवडलेलं न्यायचं. काकू त्यात पहिल्या वर्षापासून. या वर्षी त्यांनी काकांनाही ओढून नेलं.

"नुसत्या खुर्च्या मांडा," काकूंनी बजावलं. "बाकी कशाला हात लावू नका."

"मी काय लहान आहे?" काका म्हणाले.

खुर्च्या मांडून झाल्या. लोक यायला अजून तास होता. काकू अंगणाच्या पलीकडच्या कोपऱ्यात खत-माती कालवत होत्या. काका हात मागे बांधून टेबलांवरून फिरले आणि त्यांच्या अंगावर शहारेच आले! लोकांनी आदल्या संध्याकाळीच आणून ठेवलेल्या प्रत्येक कुंडीत एक आइस्क्रीमची काडी खोचलेली आणि काडीवर नाव. 'पूदीना'. 'कोरफढ'. 'जिरेनीयम'. 'जास्वंदि'. एका काडीवर तर नुसतं 'टमा' लिहून कुणीतरी माघार घेतली होती.

हे लोक वाचणार? ग्रंथालयाच्या अंगणात?

काकांनी ग्रंथपालबाईंकडून कोऱ्या काड्या आणि काळं पेन मागून घेतलं. जुन्या काड्या ओळीने उपटल्या, आत वाचनखोलीतल्या टेबलावर त्याच ओळीने मांडल्या. पहिली काडी म्हणजे पहिली कुंडी, शेवटची म्हणजे शेवटची. यात चुकायला जागाच कुठे आहे? मग मान तिरकी करून, जीभ दाताखाली धरून, एकेक काडी त्यांनी अशी लिहिली की पाहत राहावं. रेघ न रेघ मोत्यासारखी!

एका काडीवर 'लिली, खायची नाही' असं होतं. काका थबकले. लिली म्हटल्यावर खायची नाही हे वेगळं कशाला सांगायचं? उद्या खुर्चीवर 'चावायची नाही' लिहाल! त्यांनी फालतू शब्द छाटले आणि नुसतं 'लिली' लिहिलं.

त्रेचाळीस काड्या घेऊन ते विजयी मुद्रेने अंगणात आले, आणि पायरीवरच खिळले.

टेबलं रिकामी होती! अंगणात ऊन चढलं होतं म्हणून चार उत्साही मंडळींनी सगळ्या कुंड्या उचलून भिंतीच्या सावलीत नेल्या होत्या. कशाही, हाताला येतील तशा.

इथे काकांनी तोंड उघडायला हवं होतं. काकूंना हाक मारली असती तर पाच मिनिटांत काम झालं असतं. पण काकू म्हणाल्या असत्या, "हात लावू नका म्हटलं होतं ना?" आणि फाटकातून माणसं आत यायला लागली होती. काकांनी मनाशी म्हटलं, पान बघून झाड ओळखायचं, त्यात काय एवढं! काटे दिसले, 'निवडुंग' खोचलं. जरा ऐटबाज दिसलं, 'गुलाब' खोचलं. गवतासारख्या लांब पातींच्या दोन कुंड्या होत्या आणि हातात 'लिली' आणि 'लसूणपात' अशा दोन काड्या. काका क्षणभर घुटमळले. मग एक इकडे, एक तिकडे. काड्या संपल्या तरी एक कुंडी उरलीच, ती त्यांनी हळूच मागे सरकवली.

आणि गंमत बघा, दिवसभर कौतुक! "अक्षर कुणाचं हो? काय सुंदर!" शिंपीमामा तर म्हणाले, "काका, या काड्या फ्रेम करून लावल्या पाहिजेत." काका संकोचून हसत राहिले. चार वाजेपर्यंत सगळ्या कुंड्या घरोघर गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकू चहा ओतता ओतता म्हणाल्या, "माझी लिली कुणी नेली कुणास ठाऊक. बरं झालं, काडीवर ठळक लिहून ठेवलं होतं."

"काय लिहिलं होतंस?" काकांनी मान वर केली.

"खायची नाही म्हणून. पानं अगदी लसणाच्या पातीसारखी दिसतात हो. पोटात गेली तर उलट्या होऊन माणूस आडवा होतो. म्हाताऱ्या माणसाला तर फारच वाईट."

काकांनी चहाचा घोट घेतला.

"अगं," शेवटी ते म्हणाले, "ते दोन शब्द मी काढले."

"का?"

"जास्तीचे वाटले."

काकूंनी चहाची किटली हळूच खाली ठेवली. मग काकांनी उरलेलंही सांगून टाकलं. उपटलेल्या काड्या, हललेल्या कुंड्या, इकडे-तिकडे खोचलेली नावं. काकू ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. पण त्या एवढंच म्हणाल्या, "चपला घाला आणि निघा."

काकांनी आधी ग्रंथपालबाईंना फोन लावला. लसणाची पात कुणी नेली, आठवतं का? बाई म्हणाल्या, "बसवाले ड्रायव्हरदादा लसणाचं काहीतरी बोलत होते खरे."

काका जवळजवळ पळतच ड्रायव्हरदादांच्या दारात पोचले. दार उघडताच धापा टाकत विचारलं, "दादा, खाल्लं का?"

"नाही अजून!" दादांचा चेहरा फुलला. "अगदी वेळेवर आलात. या, बसा! अगं, काकांचं पण ताट घे!"

"नाही, तसं नाही, मी विचारत होतो की..."

"लाजता कसले? सकाळी सकाळी आलात म्हणजे काकू रुसलेल्या दिसतात!"

काकांना टेबलाशी बसवलं. वहिनींनी समोर गरमागरम ऑम्लेट ठेवलं. त्यात बारीक चिरलेलं हिरवं काहीतरी. "कालच्या कुंडीतलं आहे," वहिनी अभिमानाने म्हणाल्या. दादांनी मोठा घास तोडला, तोंडाकडे नेला...

"थांबा!" काकांनी झडप घालून दादांची ताटली ओढली.

दादा घास हातात धरून बघत राहिले. "काका, एवढी भूक लागली होती तर सांगायचं ना. अजून चार अंडी आहेत घरात."

मग मात्र काकांनी दुसऱ्यांदा सगळं सांगितलं. पहिल्यापेक्षा जरा जलद जमलं. वहिनी घाबरून तव्याकडे बघायला लागल्या. दादा उठले, खिडकीतली कुंडी आणली, एक पान चुरडलं आणि काकांच्या नाकाशी धरलं. लसूण! शंभर टक्के लसूण!

"पण काडीवर तर 'लिली' आहे," काका म्हणाले.

"काडी कोण वाचतं?" दादा म्हणाले. "मी पान चुरडलं, वास घेतला, उचललं."

काकांना हायसं वाटलं ते जेमतेम श्वासभर. ही जर लसूणपात, तर 'लसूणपात' लिहिलेली कुंडी कुठे आहे?

"ती माझ्या कुंडीच्या शेजारचीच," दादा आठवत म्हणाले. "गाण्याच्या बाईंनी नेली."

गाण्याच्या बाई ऐंशीच्या घरातल्या. अर्ध्या वस्तीला त्यांनी गायला शिकवलेलं. एकट्या राहायच्या. आणि लिहिलेल्या शब्दावर त्यांचा पूर्ण विश्वास!

दादांनी स्कूटर काढली. बाईंच्या दाराशी पोचून काकांनी घंटा वाजवली. उत्तर नाही. पुन्हा वाजवली. आत काहीतरी उकळल्याचा आवाज येत होता, पण माणसाची चाहूल नाही. त्या अर्ध्या मिनिटात काकांना आयुष्यात तपासलेली सगळी पानं आठवली, आणि त्यातलं एकही पान या एका काडीइतकं महत्त्वाचं वाटेना.

"येते, येते! गुडघे आहेत माझे, चाकं नाहीत!"

दार उघडलं. बाईंच्या हातात कात्री होती. मागे ओट्यावर पातेलं उकळत होतं आणि खिडकीत ती कुंडी. पाटावर तीन पाती कापून ठेवलेल्या.

"बाई, हे खाल्लं का तुम्ही?"

"अजून टाकायचंय सूपमध्ये. का रे?"

काका तिथल्या स्टुलावर मटकन बसले. तिसऱ्यांदा अर्धं त्यांनी सांगितलं, अर्धं दादांनी. बाईंनी सगळं ऐकून घेतलं, कात्री खाली ठेवली, हात साबणाने धुतले. मग त्याही बसल्या.

"माझी धाकटी बहीण सूपवर ही पात घालायची," त्या म्हणाल्या. "ती गेली त्याला सात महिने झाले. तेव्हापासून मी नीट काही शिजवलंच नाही. पाव, बिस्किटं, काहीतरी चालायचं. काल ती काडी वाचली. इतकं जीव लावून लिहिलेलं अक्षर! मला वाटलं, कुणीतरी नाव एवढं मनापासून लिहितं, तर आपण एक दिवस मनापासून स्वयंपाक करायला काय हरकत आहे?"

रागावल्या असत्या तर त्यांनी माफी मागितली असती. आता काय मागावं तेच कळेना.

"मग आता सूपचं काय?" बाईंनी विचारलं.

दादा स्कूटरवर बसून घरी गेले आणि खऱ्या पातीची जुडी घेऊन आले. तिघे त्या छोट्या टेबलाशी बसून सूप प्यायले. बाईंनी दोनदा घेतलं.

"बाकीच्या कुंड्यांचं काय करणार?" वाटी पुसत त्यांनी विचारलं.

"बघतो. गुपचूप एकेकाकडे जाऊन..."

"गुपचूप कशाला? सूर चुकला तर मुलांना मी काय सांगायचे? थांबा, चुकला म्हणा, मागे या, तिथून परत घ्या."

"लोक हसतील, बाई."

"हसतील की. त्याने कुणाला उलट्या होत नाहीत."

त्याच दुपारी काका आणि काकूंनी फोन लावायला घेतले. नावाची खात्री होईपर्यंत कुंडीतलं काही तोंडात घालू नका, आणि रविवारी कुंडी घेऊन अंगणात या. प्रत्येक वेळी काका स्वतः सांगायचे, "चूक माझी आहे." पहिल्या पाच फोनना ते अडखळले. विसाव्या फोनला शब्द आपोआप यायला लागले.

रविवारी सगळी वस्ती लोटली. अदलाबदलीला आली नव्हती एवढी माणसं चूक बघायला आली! काका खुर्चीजवळ उभे राहिले आणि पाचव्या की पंचविसाव्यांदा सगळं सांगितलं. हशा झाला, चांगला मोठा झाला, आणि मग थांबला. ज्याने जे रोप आणलं होतं त्याने ते ओळखून घेतलं. कुणी पान चुरडून, कुणी खोडावर बोट फिरवून, कुणी नुसतं लांबून. "हा माझा पुदिना! मी रोज याच्याशी बोलते, मला कळणार नाही?" काका बघत राहिले. इतकी वर्षं त्यांना वाटत होतं की नाव नीट लिहिलं की वस्तू ओळखली. इथे बायका डोळे मिटून झाड ओळखत होत्या. गाण्याच्या बाईंनी लिली परत केली नाही. म्हणाल्या, "सात दिवस पाणी घातलंय, आता माझी आहे ती." काकांनी त्यांना खाली मान घालून, मोठ्या अक्षरात नवी काडी लिहून दिली. सगळ्या शब्दांसकट.

शेवटी एकच कुंडी उरली. शिंपीमामा ती पोटाशी धरून उभे होते. तिच्यात काकांनी लिहिलेली 'क्रोटन'ची काडी होती आणि त्या रंगीत पानांच्या क्रोटनची खरी मालकीण आपली कुंडी घेऊन केव्हाच घरी गेली होती.

"माझ्या या झाडाला कुणी ओळखत नाही हो," मामा कळवळून म्हणाले. "आठ दिवस सकाळ-संध्याकाळ पाणी घालतोय. एक पान पिवळं पडलं नाही! काका, तुम्ही तरी सांगा."

सकाळभर माफी मागून काकांचा जीव अगदी कोमेजला होता. कुणीतरी विश्वासाने विचारतंय म्हटल्यावर त्यांना राहवेना. ते पुढे झाले. पान दोन बोटांत धरलं, उलटून पाहिलं, डोळे बारीक केले.

"नाव नाही सांगता येणार," ते नम्रपणे म्हणाले. "पण सावलीतलं झाड दिसतंय. पाणी जरा बेतानेच घाला."

तेवढ्यात ग्रंथपालबाई धावत आल्या.

"अय्या, ही इथे आहे होय! अंगणात नेलेल्या माझ्या टेबलावरची शोभेची कुंडी! मी आठ दिवस शोधतेय!" त्यांनी कुंडी मामांच्या हातातून घेतली, तिच्यातलं पाणी बाजूला ओतलं आणि काकांकडे वळून म्हणाल्या, "पाण्याचं बरोबर सांगितलंत हं, काका. हिला पाणी लागतच नाही. महिन्यातून एकदा ओल्या फडक्याने पुसलं की झालं!"