शालनमावशींची पंधरा दिवसांची रजा

इथे परदेशात, हेन्डरसन उपनगरातल्या एका घराच्या फ्रीजवर मुलांच्या शाळेचं वेळापत्रक, कचऱ्याचा डबा बाहेर ठेवायचे वार आणि एका आजींचा रजेचा अर्ज असे तीन कागद शेजारीशेजारी लावलेले मी स्वतः पाहिले आहेत. आजी म्हणजे आमच्या शेजारच्या शालनमावशी. मुलानं नातवंडं सांभाळायला पुण्याहून बोलावून घेतलं, त्यानंतर सहा वर्षांत त्यांचा एका दिवसाचा खाडा नव्हता.

२०१६ साली त्यांनी जाहीर केलं, आपण स्पेनला, बेनिडॉर्मच्या समुद्रावर जाणार. एकट्या. समुद्र इथे काय कमी आहे, असं त्यांचा मुलगा अभिजित म्हणाला. इथल्या समुद्रावर मी सगळ्यांचे डबे घेऊन जाते, तिथं मोकळ्या हातानं जाणार, असं उत्तर आलं.

व्हिसासाठी नोकरदारांनी मालकाचं रजामंजुरीचं पत्र जोडायचं होतं. दुसरी कोणी 'गृहिणी' लिहून मोकळी झाली असती. मावशींनी 'पूर्णवेळ नोकरी' लिहिलं आणि पत्र अभिजितपुढे सहीला ठेवलं: यांची पंधरा दिवसांची रजा मंजूर असून त्या परत येताच कामावर रुजू होतील. तो आधी हसला, मग म्हणाला, निदान शाळेच्या सुट्टीत तरी जाऊ नकोस.

"सुट्टी सगळ्यांनाच असते," मावशी म्हणाल्या.

चार दिवस त्यानं सही केली नाही. चार दिवस मावशींनी घरातलं सगळं केलं, फक्त बोलल्या नाहीत. पाचव्या दिवशी सुनेनं, मृणालनं, सही ठोकली आणि व्हिसावाल्यांनीही ते पत्र मुकाट्यानं मानलं.

बेनिडॉर्महून आल्यापासून मावशी सहलीच्या विषयातल्या अधिकारी. रविवारी अवोन्डेलच्या बाजारात कोथिंबिरीची जुडी नाकाला लावत त्या समोरच्याला सूचना देतात, मग तो फिजीला निघालेला का असेना. 'हे लिहून घे' हे पालुपद. विमानतळावरून टॅक्सी करू नये, थेट बस आहे. दुपारी दुकानं बंद असतात. पुण्याच्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. जेवण रात्री नऊच्या आत मागितलं तर आजारी आहात का असं बघतात, म्हणून पिशवीत चिवडा ठेवावा. वाळू भाजते, पाण्याच्या कडेपर्यंत जँडल्स, म्हणजे रबरी चपला, घालाव्यात. टॉग्ज, म्हणजे पोहायचे कपडे, घालून पोहायला लाजू नये, तिथं ऐंशीच्या बायका लाजत नाहीत. पाण्यात जाताना आपली पिशवी एखाद्या भांडणाऱ्या जोडप्याशेजारी ठेवावी. भांडणारी माणसं तासभर जागची हलत नाहीत.

दोन वर्षांनी मावशींनी पुन्हा रजा मागितली. या वेळी अभिजितनं परस्पर पाच तिकिटं काढली. म्हणाला, आपण सगळेच जाऊ. मावशींनी साफ नकार दिला. मला रागच आला. एवढा गुणी मुलगा, आणि या कसला हट्ट धरून बसल्यात? तसं त्यांच्या स्वयंपाकघरात जाऊन मी तोंडावर बोलले. त्या डब्याच्या पोळ्या लाटत होत्या.

"एकट्यानं करमलं तरी का तुम्हाला?" मी विचारलं.

मावशींनी लाटता लाटता सांगितलं. पहिल्याच दिवशी पाठ भाजून निघाली होती म्हणे. उन्हाचं क्रीम सगळीकडे लावलं, पण पाठीवर हात पोचेना आणि कोणाला सांगायची हिंमत होईना. घरी येईपर्यंत पालथ्या झोपत होत्या. दुसऱ्या दिवसापासून मात्र क्रीमची बाटली घेऊन किनाऱ्यावर फिरायच्या. एकटी बसलेली म्हातारी दिसली की खुणेनं विचारायच्या आणि पाठीला क्रीम चोळून द्यायच्या. एक बाई तर पाठीवर हात पडताच रडायला लागली, कुठल्या देशाची ते कळलंही नाही.

"मग आता सगळ्यांबरोबर जा की," मी म्हटलं. "मृणाल लावेल तुम्हाला क्रीम."

"लावेल गं. पण मग मी घरच्यांतच अडकणार. त्या बायकांकडे कोण जाईल?"

डबा न्यायला आलेला अभिजित दारात उभा होता. त्यानं सगळं ऐकलं होतं.

"आई, पाठीचं मला का नाही सांगितलंस?"

"आल्या आल्या तू विचारलंस, 'उद्यापासून डबे करशील ना?'" मावशींनी पोळी उलटली. "मी हो म्हटलं."

अभिजित तिथेच स्टुलावर बसला, फोन काढला आणि चार तिकिटं रद्द केली.