जीपचा पंखा आणि दगूबाईंचं सूप

"रविवारले हाई गाडी धडगावले जाई उनी ते घरमा ऱ्हाई," दगूबाई म्हणाल्या. "नही ते सोमवारले भंगारवाला ई ऱ्हायना. मी त्याले सांगी ठेयेल शे."

लोटन आप्पा त्या वेळी जीपच्या खाली उताणे होते. अशा वेळी जीपखाली असलेलं बरं असतं, लगेच उत्तर द्यावं लागत नाही. त्यांनी दोनदा उगीचच पाना आपटला आणि दगूबाई आत गेल्याची खात्री करून मग बाहेर आले.

जीप सरकारी लिलावातली. मूळ इंजिन पेट्रोलचं, तेही बिचारं नावापुरतं उरलेलं. आप्पा पुरुषोत्तमनगरच्या कारखान्यात बॉयलरवर तीस वर्षं काढून निवृत्त झाले, आणि दुसऱ्याच आठवड्यात त्यांनी ही जीप दारात आणून उभी केली. कारण सांगितलं ते मुलीचं. दीपमाला धडगावला तहसील कचेरीत कारकून. ती दर पंधरा दिवसांनी काळीपिवळीत चौदा माणसांमध्ये दबून, पिशवी पोटाशी धरून घाट उतरायची. "मनी आंडेर लटकी लटकी येस, नी मी घर बसी ऱ्हाऊ?" असं आप्पा म्हणाले, तेव्हा दगूबाईंच्याही डोळ्यांत पाणी आलं होतं. त्याला आता दीड वर्ष झालं होतं, आणि जीपने अजून धडगावचा रस्ता पाहिला नव्हता.

इंजिन बदलायचं काम शहाद्याच्या कय्युम मिस्त्रीचं. त्याने एका मोडीत निघालेल्या पिकअपचं डिझेल इंजिन जीपमध्ये बसवलं. बसलं छान, पण लांबीला चार बोटं जास्त भरलं. त्याच्या नाकावरचा पंखा थेट रेडिएटरला टेकायला लागला. मग कय्युमने तो काढला आणि बॅटरीवर चालणारा पंखा रेडिएटरच्या पुढे, समोरच्या जाळीमागे बसवला. इथपर्यंत सगळं नीट होतं. वायरी जोडायची वेळ आली आणि आप्पांचा बॉयलर जागा झाला.

"पंखा कोनीकडे हवा फेकी?" त्यांनी विचारलं.

"मझार, आप्पा. बाहेरनी थंडी हवा जाळीमाईन रेडिएटरवर ढकलनी पडस."

"कय्युम, मी तीस वरीस बॉयलरवर काढेल शेत. गरम हवा बाहेर फेकनी पडस. नही ते चिमनी कसाले ऱ्हास?"

"चिमनी बॉयलरले ऱ्हास आप्पा. हाई जीप शे."

"नियम तोच शे. वायरी उलट्या कर."

कय्युमने आप्पांकडे पाहिलं. वयाने मोठे, मानाने मोठे, आणि गाडीही त्यांचीच. त्याने वायरी उलट्या केल्या. पंखा उलटा फिरला आणि रेडिएटरची गरम हवा जाळीतून बाहेर यायला लागली. आप्पांनी जाळीपुढे हात धरला. हात चांगला शेकला गेला.

"दख," ते म्हणाले. "बठ्ठी गर्मी बाहेर."

डिसेंबरचे दिवस होते. रोज सकाळी आप्पा जीप सुरू करून दारात उभी करायचे आणि गल्लीतली म्हातारी माणसं जाळीसमोर हात शेकायला जमायची. उभ्या उभ्या जीप तशी बरी वागायची. अडचण एकच होती, ती चालवली की तापायची. म्हसावदच्या रस्त्याला दोन किलोमीटरवर सुई लाल रेघेला टेकायची आणि झाकणातून वाफ यायची. आप्पांनी मग एकेक उपाय सुरू केले. रेडिएटर धुऊन आणला. थर्मोस्टॅट काढून टाकला. बॉनेटच्या मागच्या बाजूला लाकडाची चीप सारून फट केली, त्यामुळे समोरचं अर्धंच दिसायला लागलं. शेवटी त्यांनी सगळ्यावर शांतपणे विचार केला. पंखा इतकी गरम हवा बाहेर फेकतो, तरी गाडी तापते. म्हणजे पंखा लहान पडतो. मग त्यांनी नंदुरबारहून दुप्पट मोठा पंखा आणला. जीप आता दीड किलोमीटरवरच तापायला लागली. दगूबाईंनी भंगारवाल्याला निरोप धाडला तो याच सुमारास.

रविवारी सकाळी दोघं निघाले. दगूबाईंनी मुलीसाठी नव्या तुरीचं पोतं घेतलं होतं, आणि तिच्याकडे धड सूप नाही म्हणून एक नवं सूपही. आप्पांनी पाण्याचे पाच कॅन घेतले होते. म्हसावदपर्यंत तीन संपले.

चढ लागला आणि तिसऱ्या वळणावर जीपने मान टाकली. आप्पांनी इंजिन बंद केलं, पंखा मात्र चालू ठेवला. गर्मी बाहेर निघायला पाहिजे ना. तेवढ्यात मागून हेमराजची काळीपिवळी आली. टपावर सामान, मागे तिघं लटकलेले. हेमराजने गाडी थांबवली, उतरून जाळीसमोर हात धरले आणि दोन्ही बाजूंनी शेकून घेतले.

"आप्पा, शेकोटी भारी शे," तो म्हणाला. "धडगावले बी थंडी पडेल शे. पन तठे लगून कशी जाई?"

मागचे तिघंही येऊन हात शेकून गेले. दीपमालाच्या गावाला जाणारी ती गाडी वळणाआड गेली तेव्हा आप्पा रस्त्याकडे पाहत राहिले. सकाळपासून पहिल्यांदाच त्यांना वाटलं की सोमवार खरंच येणार. दीड वर्ष त्यांनी या लोखंडाला जीव लावला होता. निवृत्तीनंतर दुसरं काही त्यांना स्वतःचं असं जमलंही नव्हतं.

दगूबाईंना रिकामं बसवत नाही. इंजिन थंड होईपर्यंत त्यांनी सूप काढलं, पोत्यातली ओंजळ-दोन ओंजळ तूर घेतली आणि जीपसमोरच्या दगडावर बसून पाखडायला लागल्या. पहिल्याच झटक्याला भुसा उडाला आणि थेट त्यांच्याच डोळ्यांत गेला.

त्यांनी डोळे पुसले. समोरच्या सागाकडे पाहिलं. पान हलत नव्हतं.

"दीपमालाना बाप, वारा कठून येई ऱ्हायना?"

"वारा कठे शे? पंखा शे तो."

"मंग तो मनाकडे काबर येई ऱ्हायना?"

"गर्मी बाहेर फेकी ऱ्हायना."

दगूबाई उठून जीपच्या दुसऱ्या अंगाला बसल्या. दोन-चार झटके मारले. मग त्यांनी सूप मांडीवर ठेवलं.

"गाडी पयस तवय वारा कोनीकडून येस?"

"सामनेथीन."

"नी पंखाना वारा?"

"सामने जास," आप्पा म्हणाले, आणि वळून जाळीकडे पाहायला लागले.

"दोन्ही वारा जाळीम्हा भिडतस. एक मझार येवाले दखस, दुसरा त्याले येऊ देस नही. मंग इंजिनले हवा कोन दी?" दगूबाईंनी पदराने परत डोळे पुसले. "वाराले तोंड दिसन उपनाडं ते भुसा आपलाच डोयाम्हा जास. हाई मले सात वरीसनी व्हतू तवयपासून मालूम शे. तुम्हना बॉयलरम्हा कोनी सांगं नही का?"

बॉयलर एका जागी उभा असतो, तो पळत नाही, असं आप्पांच्या ओठांवर आलं होतं. पण ते वाक्य कोणाच्या बाजूचं आहे हे वेळेवर त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी फोन काढला आणि रेंज शोधत वळणाच्या टोकापर्यंत गेले.

"कय्युम, मी काय म्हनस, समज पंखा सुलटा कराना शे..."

"जाळीमागे हात घाला आप्पा," पलीकडून कय्युम म्हणाला. "दोन वायरी शेत. टेप मारेल नही, नुसता चिमटा लायेल शेत. काढा नी अदलाबदल करा."

"टेप काबर मारी नही?"

"मले मालूम व्हतं, एक दिन तुम्हना फोन येई."

वायरी बदलायला एक मिनिट लागलं. पंखा दुप्पट मोठा असल्यामुळे आता हवाही दुप्पट आत जायला लागली. जीप अशी चढली की पुढच्या पाड्यावर माणसं उतरवत थांबलेल्या हेमराजला आप्पांनी गाठलं आणि हॉर्न जरा जास्तच वेळ दाबून धरला. सुई निम्म्याच्या वर गेली नाही. धडगावला दीपमाला कचेरीमागच्या आपल्या भाड्याच्या खोलीतून धावत बाहेर आली, जीपभोवती एक फेरी मारून बापाकडे पाहून हसली. परतीच्या रस्त्यावर ते तापमानाच्या सुईकडे बघत ओव्या गुणगुणत होते, आणि दगूबाई गप्प होत्या. दगूबाईंचं गप्प राहणं म्हणजे त्यांचं काहीतरी ठरत असतं, हे इतक्या वर्षांनी आप्पांना कळायला हवं होतं.

सोमवारी सकाळी जाग आली तेव्हा दारात जीप नव्हती. आप्पा तसेच अनवाणी मागे खळ्याकडे धावले. भंगारवाला खळ्यातच उभा होता. जीपही तिथेच होती, तुरीच्या ढिगाकडे तोंड करून, इंजिन चालू. शेजारच्या बाज्याला बोलावून दगूबाईंनी ती मागे लावून घेतली होती आणि चिमटे स्वतःच्या हाताने उलटे केले होते. जाळीतून वारा असा सुटला होता की त्या सुपाने तूर सोडत होत्या आणि भुसा सरळ बांधापलीकडे जाऊन पडत होता.

"दिवसा लाईट ऱ्हास नही," त्या मान न वळवता म्हणाल्या. "नी वारा आपला मनवर येस. हाई बरं शे."

भंगारवाल्याला त्यांनी रिकामं पाठवलं नाही. उपणायला उभं राहायची जुनी लोखंडी घोडी त्याला दिली, आता तिचं काम नव्हतं. दुपारपर्यंत गल्लीतल्या चार बायका आपापली पोती घेऊन नंबर लावायला आल्या.

पुढच्या रविवारी आप्पा आंघोळ करून, शिट्टी वाजवत, दीपमालाचा डबा हातात घेऊन खळ्यात आले. जीपसमोर सहा पोती उभी होती.

"आज नही," दगूबाई म्हणाल्या. "हिंमतरावना घरना नंबर शे. तुम्ही काळीपिवळीम्हा जा."

आप्पा गेले. चौदा माणसांमध्ये पंधरावे, डबा पोटाशी धरून. हेमराजने आरशातून त्यांना पाहिलं.

"काय आप्पा, गाडी परत गरम व्हयनी का?"

"नही भो," आप्पा म्हणाले, आणि अडचणीतही जरा ताठ बसले. "ती आते नोकरीले लागनी."