डोंगरावरचं बंदर

एका जंगलाला समुद्र होता. जंगलाला कसला आलाय समुद्र, असं ज्याला विचारायचं असेल त्याने आत्ताच उठून घरी जावं. बाकीच्यांनी नाक पुसून नीट बसावं.

त्या समुद्राकाठी धाकू नावाचा म्हातारा बोका राहायचा. मांजराला पाण्याचं वावडं, म्हणून तो होडीतून मासे धरायचा. पण आता त्याचे पंजे थकले होते, आणि बांगडा किनाऱ्यापासून लांब गेला होता. धाकू वल्ही मारत तिथवर पोचेपर्यंत बांगडा दुसऱ्या गावच्या तव्यावर पोचायचा.

एक दिवस वाघमहाराजांनी दवंडी पिटवली. "किनाऱ्यावरच्या प्रत्येक होडीला सरकारी इंजिन!"

"अगं भागे, ऐकलंस का!" धाकू मागच्या दोन पायांवर नाचला.

"ऐकलं," त्याची बायको म्हणाली. "आठ दिवसांत आणा म्हणजे झालं. नंतर बांगडा जातो. मग काय इंजिन तळून खायचं?"

सरकारी कचेरी डोंगराच्या माथ्यावर होती. का? वर वारा छान लागतो म्हणून. तिथे घोरपडसाहेब बसायचे. घोरपड कड्याला चिकटते हे तुम्हाला ठाऊक असेल. हे खुर्चीला चिकटले होते.

"होडी कुठंय?" साहेबांनी विचारलं.

"समुद्रात, साहेब."

"इथून दिसत नाही. वर घेऊन ये. पाहणी होईल, मग इंजिन."

"साहेब, तुम्हीच खाली चला की. उतारच आहे."

"उतरणं माझ्या कामात बसत नाही."

शहाणा असता तर तिथूनच परत फिरला असता. पण फुकटाचं इंजिन म्हटलं की शहाणपण आधी पळतं. धाकूने सगळा किनारा गोळा केला. खेकडे एकमेकांचे पाय ओढतात म्हणता ना? त्या दिवशी त्यांनी होडी ओढली. बगळे पुढे, कासवं मागे, आणि मधे उभी राहून भागी सगळ्यांना शिव्या घालतेय. हैया हो, हैया हो! तीन दिवसांत होडी डोंगरावर.

साहेबांनी होडीभोवती एक चक्कर मारली. "तरंगते का?"

"डोंगरावर कशी तरंगेल, साहेब?"

"मग ही होडीच आहे कशावरून? उद्या कुणीही कणकेची परात आणून होडी म्हणेल."

झालं! रानडुकरं बोलावली. त्यांनी मुसंड्या मारून तळं खणलं. हत्तींनी सोंडेने पाणी भरलं. होडी तरंगली! सगळं जंगल नाचलं. एक कासव आनंदाने उताणं पडलं, ते दुसऱ्या दिवशी कुणाच्या तरी लक्षात आलं.

वाघमहाराज स्वतः आले. त्यांचे डोळे भरून आले. "डोंगरावर बंदर! आमच्या बापजाद्यांना जमलं नाही!" लगेच तिथे धक्का बांधला, दीपगृह उभं केलं, सशांना खलाशांचे कपडे दिले. सहाव्या दिवशी धाकूच्या होडीला इंजिनही बसलं.

"साहेब, होडी खाली नेतो," धाकू म्हणाला. "बांगडा जायला दोनच दिवस उरलेत."

"खुशाल ने," घोरपडसाहेब म्हणाले. "पण तिची नोंद आता या बंदरात झालीय. बंदरातून होडीने पाण्यातूनच बाहेर पडायचं. जमिनीवरून ओढलीस तर ती चोरी."

धाकूने तळ्याच्या चारी बाजूंना पाहिलं. बाहेर पडायला ओहोळसुद्धा नव्हता. रागाच्या भरात त्याने इंजिन सुरू केलं. भर्रर्र! होडी गोल गोल फिरू लागली. ससे टाळ्या पिटू लागले.

"काय वेग! काय प्रगती!" महाराज ओरडले.

"अहो, थांबवायचं कसं ते सांगा कुणीतरी!" धाकू ओरडला.

ते त्या योजनेत नव्हतं. तेल मात्र सरकारी होतं, ते संपेना.

नवव्या दिवशी भागी धापा टाकत वर आली. "बांगडा गेला हो! तुम्ही येताय की फिरताय?"

"भागे, मला उत्कृष्ट मच्छीमार म्हणून हार घातलाय!" होडीतून आवाज आला. "फिरता फिरताच घातला!"

भागीने वाकून तळ्यात पाहिलं. आत एकच बेडूक होता, आणि तोही घोरपडसाहेबांच्या खात्यातला.

तात्पर्य : मुलांनो, सरकार मदत करतंच. आपणच आपला समुद्र कचेरीपासून इतका लांब ठेवतो, त्याला सरकार तरी काय करणार?