मोघे काकांचं ‘थांबा, मागे घ्या’

मी ज्या घरात राहतो ते माझं आहे, असं टाउनशिपचे कागद म्हणतात. मोघे काकांना ते मान्य नाही. त्यांच्या लेखी ते अजून हॅरिसनबाईंचं घर. या आधीच्या मालकीणबाईंना जाऊन जमाना झाला. पण परवा पिझ्झावाल्याने काकांना माझा पत्ता विचारला, तर काकांनी त्याला सांगितलं, "हॅरिसनबाईंकडे का? मग तसं विचारा." पिझ्झा गार झाला.

आमचं गाव न्यू जर्सीतलं, आयसेलिनच्या जवळ. काका मूळचे नागपूरचे, केमिकल इंजिनियर, आता रिटायर. काकू गेल्यापासून एकटेच असतात, मुलगा देशाच्या दुसऱ्या टोकाला, क्युपर्टिनोत. मी त्यांचा शेजारी, म्हणजे ड्रायव्हर, हमाल आणि श्रोता.

फेब्रुवारी आला की मी लोकरीचे मोजे शोधायला लागतो. इथे तो ब्लॅक हिस्टरी मंथ, कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचा महिना. शाळांत पोस्टर लागतात, ऑफिसात भाषणं होतात. काकांचं त्यावर भागत नाही. "इतिहास आपल्या गल्लीत घडला, तो गल्लीत जाऊनच सांगायचा," असं म्हणत ते दर वर्षी हाडं गोठवणाऱ्या थंडीत शेजाऱ्यांना पायी फिरवतात.

आमच्या गल्लीचा इतिहास म्हणजे कोपऱ्यावरच्या घरातले मिस्टर वॉल्टर. नव्वदीचे, ब्लॅक, रिटायर्ड पोस्टमन. साठेक वर्षांपूर्वी त्यांना इथे कोणी घर विकेना. "कालच विकलं हो," असं सांगायचे. शेवटी पोस्टातल्या एका गोऱ्या मित्राने घर स्वतःच्या नावावर घेतलं आणि नंतर वॉल्टरच्या नावावर करून दिलं. त्यावर गल्लीने सह्यांचा अर्ज दिला, हे कुटुंब इथे नको म्हणून. गंमत अशी, की या गल्लीचे पोस्टमन वॉल्टरच. ज्यांनी सह्या केल्या, त्यांच्याच दारात ते रोज पत्रं टाकत.

"तुमच्याही घरातून सही गेली होती," काका दर फेब्रुवारीत मला सुनावतात.

"काका, मी तेव्हा जन्मलोही नव्हतो."

"घर तर होतं ना."



गोष्ट चांगलीच आहे. पण काका ती प्लंबरला ऐकवतात, माझ्या सासूबाईंना ऐकवतात, गणपतीत आरतीसाठी खोळंबलेल्या भटजींनाही ऐकवतात. शिवाय आम्हा सगळ्यांना ती पाठ असावी, हा हट्ट. सांगताना कोणी चुकलं, की पार्किंगमध्ये गाडी रिव्हर्स घ्यायला लावावी तसा हात हलवून म्हणतात, "थांबा, मागे घ्या."

यंदा मी सुचवून पाहिलं. "काका, लायब्ररीचा हॉल बुक करतो. आत हीटिंग असतं. तासाभरात आटपू."

"त्या हॉलमध्ये काय घडलं होतं?"

"काही नाही."

"मग तिथे कशाला जायचं?"

म्हणून शनिवारी सकाळी आम्ही आठ-दहा जण बर्फात उभे. माझ्या घरासमोरचं बोलायचं काम माझ्याकडे. नाक गळत होतं, बोटं लाकडं झाली होती. मी सुरू केलं, "राहायला आले त्याच रात्री कोणीतरी वॉल्टरच्या दारावर रंग फेकला. सकाळी त्यांची बायको रूबी पायरीवर बसून..."

"थांबा, मागे घ्या. रूबी बसली नव्हती. उभी होती."

"बसली काय नि उभी काय, काका. एवढा तपशील हवाय कोणाला?"

आवाज जरा चढलाच माझा. लोक आपापल्या बुटांकडे बघायला लागले. पुढचं सगळं काकांनी मला सांगू दिलं, एकही चूक न काढता. ते मला जास्त लागलं.

दुपारी बायको म्हणाली, "दुखावलेत ते. मसालेभात देऊन ये." काका घरी नव्हते. त्यांच्या बुटांचे ठसे वॉल्टरच्या घराकडे गेले होते. वॉल्टरना सांभाळणाऱ्या नर्सने दार उघडलं आणि ओठांवर बोट ठेवलं. वॉल्टरना हल्ली काही आठवत नाही, ती हळूच म्हणाली. पूर्वी त्यांनीच काकांना सांगितलेल्या गोष्टी आता काका येऊन त्यांना सांगतात. त्यात एखादी गोष्ट इकडची तिकडे झाली, की वॉल्टर घाबरेघुबरे होतात.

आत वॉल्टर खिडकीशी बसले होते. काका समोरच्या स्टुलावर बसून संथ इंग्रजीत सांगत होते, "दारावर रंग होता. रूबी पायरीवर उभी होती. तुम्ही म्हणालात, आज मी कामावर जाणार नाही."

वॉल्टर पुढे वाकले. "मग ती काय म्हणाली?"

"म्हणाली, जा. पत्रं वेळेवर टाक. त्यांना बोलायला जागा ठेवू नकोस."

वॉल्टर खुदकन हसले. "तशीच आहे ती." मग काकांकडे निरखून पाहत म्हणाले, "तुम्ही होतात तिथे?"

तेव्हा काका नागपुरात शाळेत होते.

"होतो ना," काका म्हणाले. "समोरच्या फुटपाथवर."

वॉल्टरनी समाधानाने मान हलवली. थोड्या वेळाने दाराकडे बघून म्हणाले, "बराच वेळ झाला. रूबी अजून आली नाही."

काकांनी वॉल्टरच्या गुडघ्यांवरचं पांघरूण नीट केलं.

"बाजारात गेली आहे," ते म्हणाले. "माझी बायकोही आहे तिच्याबरोबर. येतील दोघी."