आर्डेलचा धक्का

कॉफीची किटली भरता भरता आर्डेल प्रूइट म्हणाली, "पुढच्या सोमवारी दुपारच्या बसने मी चालले, हॉलिस. मोबीलला, बहिणीकडे. कायमची."

हॉलिस ट्रिबल त्या वेळी कांदा चिरत होता, हे एक बरं झालं. डोळ्यांत पाणी आलं तर खुलासा हाताशी होता.

"कायमची?"

"डॉक्टर म्हणतात, हा डावा खुबा आता दिवसभर उभं राहायच्या कामाचा नाही. बहीण म्हणते, ये, व्हरांड्यात बसून समुद्र बघ."

"समुद्र चांगला असतो," हॉलिस म्हणाला. उभ्या आयुष्यात त्याने समुद्र पाहिला नव्हता. ती किटली घेऊन बाहेर गेली आणि हॉलिसला सुचायला हवं होतं ते वाक्य तिच्या पाठोपाठ सुचलं. 'नको जाऊ.' हे वाक्य त्याला गेली वीसेक वर्षं असंच उशिरा सुचत होतं.

खरं तर वीसेक वर्षं हे वाक्य त्याच्या कॅफेत रोज बोललं जात होतं, पण ते बोलायचा डेल्मर फाँटेन. कोपऱ्यातल्या ज्यूकबॉक्समध्ये, म्हणजे नाणं टाकलं की गाणं वाजवणाऱ्या यंत्रात, त्याची एक जुनी रेकॉर्ड होती, 'ओपलीन' नावाची. रॉक अँड रोल ऐकणं म्हणजे पाप, असं गावातली थोर मंडळी म्हणत होती तेव्हाची. पुढे तीच मंडळी नाणं टाकून तेच गाणं ऐकायला लागली. गिटार खणखणायची, पियानोवाला सगळ्या पट्ट्यांवरून घसरत जायचा आणि मग अचानक सगळे थांबून डेल्मर एकटाच, अगदी कळवळून म्हणायचा, "नको गं जाऊ."

आणि तिथेच सुई अडकायची. "नको गं जाऊ, नको गं जाऊ, नको गं जाऊ..."

बाहेर उन्हात क्षितिजापर्यंत कापूस पसरलेला, आत डोक्यावर पंखा फिरतोय आणि अख्खं कॅफे चमचे हवेत धरून बसलेलं. कुणी घाई करत नसे. ज्याचं त्याला काही तरी आठवत असे. अर्ली क्रॅबट्रीने आपल्या बायकोला मागणी घातली ती याच अडकलेल्या ओळीत. एरवी तो चार शब्द जोडून बोलणारा माणूस नव्हे, पण बोलायचं काम डेल्मर करत होता, अर्लीला फक्त मान हलवायची होती. मुलीचं नाव त्यांनी ओपलीन ठेवलं. पाद्री ब्रदर सायक्सनी तर या ओळीवर एकदा प्रवचन दिलं होतं. माणसाला देवही असंच पुन्हा पुन्हा सांगत असतो, असं त्यांचं म्हणणं. तेव्हापासून चर्चमध्ये लग्न लागलं की वऱ्हाड केक कापायला हॉलिसकडे येई आणि नवरानवरी या गाण्यावर नाचत.

मग आर्डेल हातातली कॉफी ओतून संपवायची, किटली ठेवायची, सावकाश ज्यूकबॉक्सपाशी जायची आणि डाव्या कंबरेचा एक सणसणीत धक्का द्यायची. सुई उडी मारायची आणि डेल्मर सुटल्यासारखा शेवटचं कडवं गाऊ लागायचा. कोपऱ्यात एखादं नवं जोडपं बसलेलं असलं, तर त्या दिवशी आर्डेलची किटली लवकर रिकामी होत नसे. स्वयंपाकघराच्या खिडकीतून हॉलिस हे रोज बघायचा. आज बोलू, असं ठरवायचा. तेवढ्यात धक्का बसायचा आणि तो पुन्हा मासे तळायला लागायचा.

त्या भागातल्या रेडिओवर हे गाणं कधीच लागत नसे. का लागत नाही, हा प्रश्न गावात कुणालाही पडला नव्हता.

तर, कांदा चिरून झाला आणि हॉलिसच्या डोक्यात उजेड पडला. डावा खुबा! वीस वर्षं त्या यंत्राला धक्के देऊन देऊन बिचारीचं हाड झिजलं. म्हणजे तिला इथून घालवणारा गुन्हेगार कोपऱ्यातच उभा होता, आणि त्याला पोसणारा आपण. आता निदान जाता जाता तरी तिला कळावं की हॉलिस ट्रिबलला तिची काळजी आहे. शिवाय यंत्र दुरुस्त झालं, गल्ल्यापाशी एक उंच स्टूल करून दिलं, तर कदाचित... पुढचा विचार करायला तो लाजला. पण स्टुलाचं वाक्य त्याने पाठ करून ठेवलं.

शनिवारी आर्डेल सामान बांधायला घरी राहिली आणि मेम्फिसहून कारागीर आला. त्याने नवी सुई घातली, सुईचा दांडा बदलला, आतली स्प्रिंग बदलली आणि हात पुसत म्हणाला, "आता हे यंत्र जन्मात कुठे अडकणार नाही."

दुपारी कॅफे गच्च भरलं होतं. ब्रदर सायक्स आणि त्यांची बायको मोझेल मधल्या टेबलाशी, अर्ली आपल्या ओपलीनला घेऊन खिडकीशी. हॉलिसने स्वतः नाणं टाकलं. गिटार खणखणली, पियानो घसरला. सगळ्यांचे चमचे सवयीने वर गेले.

"नको गं जाऊ," डेल्मर म्हणाला. आणि सरळ पुढे निघाला.

"अरे, बिघडवलंस की रे!" अर्ली ओरडला.

"बिघडवलं नाही, दुरुस्त केलंय."

"ही कसली दुरुस्ती? अडकत कुठंय?"

पण तोवर कुणाचं लक्ष भांडणाकडे राहिलं नव्हतं. डेल्मर फाँटेन एक असं कडवं गात होता जे त्या गावात कुणीच ऐकलं नव्हतं. त्यात तो ओपलीनला सांगत होता, इतकी घाई कशाला, तुझा नवरा पाद्री आहे, आणि त्याचं प्रवचन काही बाराशिवाय संपायचं नाही, तोवर तरी थांब.

मग हळूहळू सगळ्या माना मधल्या टेबलाकडे वळल्या. ब्रदर सायक्सचं प्रवचन बाराच्या आत कधी संपल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं.

"बाबा," ओपलीन क्रॅबट्री म्हणाली. ती आता कॉलेजात जाण्याच्या वयाची होती. "तुम्ही माझं नाव या बाईवरून ठेवलंत?"

"तुझ्या आईने ठेवलं," अर्ली म्हणाला.

"आणि या बाईवर मी प्रवचन दिलं!" ब्रदर सायक्सनी कपाळाला हात लावला. "मी तिथे उभा राहून म्हणालो, देव आपल्याला असंच सांगत असतो!"

मोझेल मात्र रुमाल तोंडाशी धरून हसत होती. "अहो, चाल चांगली आहे हो," ती म्हणाली. ब्रदर सायक्सना तिचं हे हसणं अजिबात आवडलं नाही.

दुसऱ्या दिवशी, चर्च बांधल्यापासून पहिल्यांदाच, रविवारचं प्रवचन वेळेआधी संपलं. चांगलंच आधी. गावातल्या बायका सायक्सच्या हिशेबानेच भट्टीत कोंबडी ठेवून चर्चला येत, त्यामुळे घरोघरी कच्ची कोंबडी आणि उपाशी माणसं. अख्खं गाव हॉलिसच्या दारात. आर्डेल नाही, हॉलिस एकटा, मक्याचा ब्रेड करपला, भेंडी संपली. आणि जो तो आत आल्या आल्या कोपऱ्याकडे बोट दाखवून म्हणे, "हे आधी होतं तसं कर."

जेवणं उरकल्यावर अर्ली आणि ब्रदर सायक्स बाह्या वर करून मागे थांबले.

"असं बघ, हॉलिस," ब्रदर सायक्स म्हणाले, "उद्या आर्डेल निरोप घ्यायला येणार. ती तेच गाणं लावणार. वीस वर्षं त्या साध्या बाईने ते पवित्र समजून ऐकलंय. जाता जाता तिच्या कानावर हे पडावं?"

हॉलिसला हे पटलं. तिघांनी यंत्राला धक्के देऊन पाहिले. पुढून दिले, बाजूने दिले, अर्लीने तर धावत येऊन दिला आणि खांदा धरून बसला. डेल्मर गात राहिला. मग अर्लीने खिशातला चाकू काढला आणि रेकॉर्डवर, साधारण अंदाजाने, एक ओरखडा मारला.

या खेपेला सुई अडकली. पण अडकली ती कडव्यात. "पाद्री आहे, पाद्री आहे, पाद्री आहे, पाद्री आहे..."

"बंद कर!" ब्रदर सायक्स किंचाळले. अर्लीने भिंतीतला प्लग उपटला आणि डेल्मर मुका झाला. त्या शांततेतच तिघांना उपाय सापडला. उद्या 'नको गं जाऊ' झालं रे झालं की प्लग काढायचा. हे काम दुसऱ्या कुणावर सोपवायला ब्रदर सायक्स तयार नव्हते.

सोमवारी दुपारी आर्डेल निळा झगा आणि हॅट घालून आली. बस कॅफेच्या दारातच थांबायची, म्हणून पेटी तिने पायरीवर ठेवली. सगळ्यांनी तिला मिठ्या मारल्या. कुणी पीचचं लोणचं दिलं, कुणी विणलेली शाल. हॉलिस खिडकीमागे उभा राहून स्टुलाचं वाक्य, त्याला वाटत होतं त्याहून जरा मोठ्यानेच, पुटपुटत होता. 'आर्डेल, मी गल्ल्यापाशी एक उंच स्टूल करून देतो.' वाक्य चांगलं होतं. फक्त ते स्वयंपाकघराबाहेर न्यायचं कसं, हे कळत नव्हतं.

"अरे, अर्लीचा कप रिकामा, आणि तुम्ही सगळे नुसते बघताय?" आर्डेल म्हणाली. हॅट डोक्यावर ठेवूनच तिने किटली उचलली. मग ज्यूकबॉक्सपाशी गेली आणि नाणं टाकलं. ब्रदर सायक्स भिंतीला टेकून उभे होते, एक हात पाठीमागे.

गिटार, पियानो. बाहेर बस येऊन उभी राहिली आणि दारातून ऊन आणि धूळ आत आली.

"नको गं जाऊ," डेल्मर म्हणाला. ब्रदर सायक्सनी प्लग ओढला.

शांतता झाली. पण वीस वर्षांची सवय कुठे जाते? सगळ्यांचे चमचे हवेतच राहिले. प्रत्येक जण त्या ओळीची वाट बघत होता, ती पुन्हा येणार, पुन्हा येणार म्हणून. हॉलिसही वाट बघत होता. पंखा फिरत होता. ओळ काही येईना. तिच्यावाचून ती दुपार इतकी रिकामी वाटली की त्याला ते सहन होईना.

"नको जाऊ," कुणी तरी म्हणालं.

आवाज आपलाच आहे, हे हॉलिसच्या जरा उशिरा लक्षात आलं. तो खिडकीमागे नव्हता. कॅफेच्या मधोमध, हातात तळणीचा झारा घेऊन उभा होता. सगळं गाव त्याच्याकडे बघत होतं. आता स्टूल. फक्त स्टुलाचं म्हणायचं होतं.

"नको जाऊ," तो म्हणाला. "नको जाऊ. आर्डेल, नको जाऊ. नको... नको जाऊ."

पुढचं काही केल्या येईना. जीभ त्याच जागी फिरत राहिली. बाहेर बसने भोंगा वाजवला.

"अडकला," अर्ली हळूच म्हणाला.

आर्डेलने अर्लीचा कप काठोकाठ भरला. किटली ठेवली. हॅट सरळ केली. सावकाश चालत हॉलिसपाशी गेली आणि आपल्या धडधाकट उजव्या कंबरेचा एक सणसणीत धक्का त्याला दिला.

हॉलिस दोन टेबलं ओलांडून गेला आणि म्हणाला, "माझ्याशी लग्न कर."

यावर सगळ्यात जास्त आश्चर्य त्यालाच वाटलं. मोझेल सायक्स मोठ्याने रडायला लागली. आर्डेलचे डोळे भरून आले होते, आणि तिच्या हातात कांदा नव्हता.

"अर्ली," ती म्हणाली, "ड्रायव्हरला सांग, जा म्हणावं. आणि माझी पेटी आत घे. ब्रदर, रविवारी लग्न लावाल ना?"

"आनंदाने! प्रवचन संपलं की लगेच."

"म्हणजे बारानंतर," ती म्हणाली. ब्रदर सायक्सचा चेहरा पडला. "आता तो प्लग लावा. ते कडवं मला नवीन नाही. या गावात यायच्या आधी सेंट लुईसला मी ते इतकं ऐकलंय की पाठ आहे."

"तुम्हाला ठाऊक होतं?" ब्रदर सायक्सनी विचारलं.

"पहिल्याच आठवड्यात मी हळूच धक्का दिला, तर सुई नेमकी त्या कडव्यावर आली. आणि दारातून तुम्ही येताय, गळ्यात पाद्र्याची नवी कोरी कॉलर, हाताशी मोझेल. मग दुसरा धक्का जोरात दिला. जोरात दिला की मधलं सगळं गाळून सुई शेवटच्या कडव्यावर जाते. तेव्हापासून जोरातच देते." तिने डावा खुबा चोळला. "तुमच्या अब्रूपायी गेलाय हो हा."

ब्रदर सायक्स मुकाट्याने खाली वाकून प्लग लावायला लागले. बस धूळ उडवत निघून गेली. हॉलिस टेबलाचा कोपरा लागलेली मांडी चोळत आर्डेलपाशी आला. एक शंका त्याला स्वस्थ बसू देत नव्हती.

"आर्डेल," त्याने हळूच विचारलं, "आणि मला हळू धक्का दिला असतास तर?"

"तर तू मला स्टूल देतो म्हणाला असतास," आर्डेल म्हणाली, आणि तिने किटली त्याच्या हातात दिली.